संकर यीस्ट: लागर बिअरपासून उसाच्या इथेनॉलपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जगात सर्वाधिक खपणारी बिअर, म्हणजे थंडीत आंबवली जाणारी लागर, ज्या यीस्टने आंबवली जाते, ते एका प्रजातीचे नसून दोन प्रजातींच्या मीलनातून जन्मलेले आहे. हे कळल्यापासून, असेच संकर घडवून पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल अधिक स्वस्तात तयार करता येईल का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी, ब्रूअरीत रस असणारे वाचक आणि साखर कारखान्यांच्या आसवनीत काम करणारे तंत्रज्ञ यांना साधारणपणे पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत.

संकर यीस्ट म्हणजे नेमके काय, आणि असा संकर होतो कसा?

यीस्टची पेशी बहुतेक काळ मुकुलनाने वाढते. मातृपेशीला कोंब फुटतो, तो मोठा होऊन अलग होतो, आणि नवी पेशी जनुकीयदृष्ट्या आईची प्रत असते. अन्न संपले की मात्र गुणसूत्रांचे दोन संच असलेली पेशी चार बीजाणू तयार करते. प्रत्येक बीजाणूत गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि त्याचा लैंगिक प्रकार ‘ए’ किंवा ‘अल्फा’ यांपैकी एक असतो. विरुद्ध प्रकारच्या दोन पेशी शेजारी आल्या, की त्या एकमेकींना रासायनिक संकेत देतात आणि एकरूप होतात.

सॅकॅरोमायसिस या वंशातल्या प्रजातींमध्ये ही संकेतव्यवस्था इतकी सारखी राहिली आहे, की लक्षावधी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन प्रजातींच्या पेशीही एकमेकींना ओळखतात. त्यांच्या मीलनातून दोन्ही प्रजातींचे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, एकाच पेशीत नांदू लागतात. यालाच आंतरप्रजातीय संकर म्हणतात. एकाच प्रजातीच्या दोन दूरच्या वाणांचा संकर ही वेगळी गोष्ट आहे. जैवइंधनाच्या चर्चेत या दोहोंची सर्रास गल्लत होते, म्हणून हा भेद सुरुवातीलाच ध्यानात ठेवावा.

लागर बिअरचे यीस्ट कोणत्या प्रजातींचा संकर आहे?

सॅकॅरोमायसिस पास्टोरियानस असे त्याचे शास्त्रीय नाव आहे. त्याचा एक पालक म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, अर्थात पाव, वाइन आणि उबेत आंबवली जाणारी एल प्रकारची बिअर यांचे परिचित यीस्ट. दुसरा पालक कोण, हे मात्र दीर्घकाळ कोडेच होते. १९८० च्या दशकापासून जनुकीय तुलनांतून एवढे दिसत होते, की लागर यीस्टमधला जवळपास अर्धा जीनोम सेरेव्हिसीचा नाही, पण त्या अर्ध्याशी तंतोतंत जुळणारे शुद्ध जंगली यीस्ट कोणाच्याच संग्रहात नव्हते.

ते २०११ मध्ये सापडले. अर्जेंटिनातले दिएगो लिबकिंद, पोर्तुगालचे जोझे पावलो साम्पायो, अमेरिकेतले ख्रिस टॉड हिटिंगर आणि त्यांचे सहकारी यांनी दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियातल्या नोथोफॅगस वंशातल्या दक्षिणी बीच वृक्षांवरून एक थंडी सोसणारे यीस्ट वेगळे केले आणि त्याला सॅकॅरोमायसिस युबायानस असे नाव दिले. त्या झाडांवर सिटारिया नावाच्या बुरशीमुळे नारिंगी गोळ्यांसारख्या, साखरयुक्त गाठी येतात आणि त्यांत हे यीस्ट वाढते. त्याचा जीनोम लागर यीस्टच्या ‘अज्ञात’ अर्ध्याशी ९९ टक्क्यांहून अधिक जुळला.

सेरेव्हिसी आणि युबायानस या दोन पालकांच्या जनुकीय अक्षरांमध्ये परस्परांत सुमारे २० टक्के फरक आहे. माणूस आणि चिंपांझी यांच्यातल्या फरकापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या संकराचे नवल कळते.

पॅटागोनियातले यीस्ट लागरच्या जन्मभूमीत, म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियात, पोहोचले कसे?

बहुधा ते तिथून आलेच नसावे. युबायानसचा शोध लागला तेव्हा कोलंबसानंतरच्या जहाजांतून, लाकडांतून किंवा फळमाश्यांबरोबर हे यीस्ट युरोपात आले असावे, अशी रंजक कल्पना मांडली गेली आणि वृत्तपत्रांनी ती उचलून धरली. तिच्यात कालगणनेचीच अडचण होती, कारण थंड तळघरात तळाशी बसणाऱ्या यीस्टने बिअर आंबवण्याची पद्धत बव्हेरियात पंधराव्या शतकातच रूढ होती.

२०१४ मध्ये चिनी संशोधकांनी तिबेटच्या पठारावर मिळालेले युबायानस लागरच्या जीनोमशी पॅटागोनियातल्या वाणापेक्षाही अधिक जवळचे असल्याचे दाखवले. त्यानंतर हे यीस्ट उत्तर अमेरिका आणि न्यूझीलंडमध्येही मिळाले. युरोपात मात्र ते सापडत नव्हते. अखेर २०२२ मध्ये डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या परिसरातल्या मातीतून ते वेगळे केल्याचे प्रसिद्ध झाले, आणि युरोपात हे यीस्ट कधी नव्हतेच हा आक्षेप संपला. ते युरोपात विरळ असले तरी आहे, आणि चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कदाचित आजच्याइतके विरळ नसेल, असे मानणे आता अधिक सयुक्तिक ठरते.

हा संकर कुठे आणि केव्हा घडला, याविषयी काही सांगता येते का?

पुराव्यांची साखळी पूर्ण नाही, पण २०२३ मध्ये मथियास हुट्सलर आणि सहकाऱ्यांनी मांडलेले अनुमान आजवरचे सर्वांत नेमके आहे. बव्हेरियात १५१६ च्या नियमाने बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांव्यतिरिक्त काही घालण्यास मनाई केली. पुढे १५५३ मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या उन्हाळी काळात बिअर आंबवण्यावर बंदी घातली. परिणामी बव्हेरियातली तपकिरी बिअर केवळ थंडीतच तयार होऊ लागली आणि थंडीत काम करणाऱ्या यीस्टांचीच तिथे निवड होत गेली.

गव्हाची बिअर याला अपवाद होती. ती उबेत, पृष्ठभागावर येणाऱ्या सेरेव्हिसीने आंबवली जाई, आणि तिचा विशेषाधिकार श्वार्त्साख इथल्या डेगेनबेर्ग घराण्याकडे होता. १६०२ मध्ये त्या घराण्याचा शेवटचा वारस निवर्तला, तो अधिकार ड्यूक मॅक्सिमिलियनने आपल्या हाती घेतला आणि श्वार्त्साखचा ब्रूमास्टर आपले यीस्ट घेऊन म्युनिकच्या दरबारी ब्रूअरीत, म्हणजे होफब्रॉयहाउसमध्ये आला. त्यानंतरची काही वर्षे दोन्ही प्रकारच्या बिअर तिथे शेजारी शेजारी होत होत्या. या काळात, म्हणजे १६०२ ते १६१५ च्या दरम्यान, थंड पिंपांतल्या मिश्रणात आधीच असलेल्या युबायानसशी बाहेरून आलेल्या सेरेव्हिसीचा संकर झाला असावा, असा हा तर्क आहे.

यातला उलटा क्रम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. एल बनवणाऱ्या पिंपात जंगली युबायानस शिरले, असे आजवर गृहीत धरले जाई. या तर्कानुसार थंड लागरच्या पिंपात सेरेव्हिसी पाहुणे म्हणून आले. अर्थात हे अनुमान दस्तऐवजांवर उभे आहे, सतराव्या शतकातल्या यीस्टच्या नमुन्यावर नाही.

संकराला थंडीत काम करण्याची क्षमता कुठून मिळाली?

लागरचे किण्वन साधारण ८ ते १४ अंश सेल्सियसला चालते, तर एलचे १५ ते २४ अंशांना. सेरेव्हिसीला कमी तापमान मानवत नाही, पण तिला माल्टच्या रसातली शर्करा उत्तम पचते. युबायानस थंडीत तग धरते, पण माल्टच्या रसात ते कमी पडते. दोघांचे गुण एका पेशीत आले आणि थंड तळघरात इतर सर्वांना मागे टाकणारे यीस्ट तयार झाले, इतके सांगून बहुतेक ठिकाणी विषय संपवला जातो.

पुढचा तपशील अधिक मनोवेधक आहे. पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांना, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांना, स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि संकरात सहसा कोणत्या तरी एकाच पालकाचा टिकतो. लागर यीस्टमध्ये तो युबायानसचा आहे. २०१९ मध्ये एमिलीक्लेअर बेकर, हिटिंगर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत तयार केलेल्या संकरांत हा डीएनए अदलाबदल करून पाहिला, तेव्हा युबायानसचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए असलेले संकर थंडीत सरस ठरले आणि उष्णतेत कमकुवत पडले. थंडीची कमाई उष्णतेच्या किमतीवर झाली आहे, ही गोष्ट पुढे इथेनॉलच्या संदर्भात लक्षात ठेवावी लागेल.

‘साझ’ आणि ‘फ्रोबर्ग’ हे लागर यीस्टचे दोन गट वेगळे कसे?

साझ गटात गुणसूत्रांचे साधारण तीन संच असतात, त्यांत युबायानसचा वाटा दोन संचांइतका आणि सेरेव्हिसीचा जेमतेम एकाइतका असतो. फ्रोबर्ग गटात सुमारे चार संच असतात आणि दोन्ही पालकांचा वाटा साधारण सारखा असतो. साझ गट थंडीत अधिक चिवट आहे, पण त्याला माल्टोट्रायोज नावाची, ग्लुकोजच्या तीन घटकांची शर्करा नीट घेता येत नाही. माल्टच्या रसातल्या आंबणाऱ्या शर्करेत माल्टोजनंतरचा मोठा वाटा माल्टोट्रायोजचा असल्याने ही उणीव साधी नाही. बिअरमध्ये गोडवा उरतो आणि मद्यांश कमी भरतो. म्हणूनच आजच्या कारखान्यांत फ्रोबर्ग गटाचे राज्य आहे. जर्मनीतल्या वाईनश्टेफान इथला ३४/७० हा जगभर वापरला जाणारा वाण याच गटातला असून त्याचा जीनोम २००९ मध्ये जपानी संशोधकांनी उलगडला.

हे दोन गट दोन स्वतंत्र संकरांतून आले, की एकाच संकराच्या दोन फांद्या आहेत, यावर अनेक वर्षे वाद झाला. दोन्ही गटांत गुणसूत्रे तुटून जोडली गेल्याच्या काही जागा अगदी एकच आहेत, आणि असा योगायोग दोनदा घडणे कठीण असल्यामुळे एका उगमाकडे झुकणारा कौल मला अधिक पटतो.

संकर प्राणी वांझ असतात असे शिकवले जाते. मग संकर यीस्ट चारशे वर्षे टिकले कसे?

ते वांझच आहे. आंतरप्रजातीय संकराने बीजाणू तयार केले, तर त्यांपैकी एक टक्काही जगत नाहीत. बीजाणू बनताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात, आणि २० टक्के फरक असलेल्या जोड्यांची अदलाबदल पेशीतली चूक सुधारणारी यंत्रणाच रोखून धरते. त्यामुळे गुणसूत्रे समान वाटली जात नाहीत आणि बहुतेक बीजाणू अपुऱ्या वारशानिशी मरतात.

परंतु यीस्टला जगण्यासाठी बीजाणूंची गरज नसते, मुकुलन पुरते. इथे शेतकरी वाचकांना हायब्रीड कपाशीचे उदाहरण सोयीचे पडेल. तिचे घरचे बी पुढच्या वर्षी पेरले तर गुण विस्कटतात, म्हणून दर हंगामात नवे बियाणे विकत आणावे लागते. यीस्टच्या संकराला ही अडचणच नाही, कारण पहिल्या पिढीतला संकर जसाच्या तसा कोंबांतून पुढे चालू राहतो. एका आंबवणीच्या तळाशी बसलेले यीस्ट पुढच्या आंबवणीत घालण्याची ब्रूअरांची रीत म्हणजे नकळत चालवलेली कलमपद्धतीच होती. आणि एखाद्या संकराचे सगळे संच दुप्पट झाले, तर प्रत्येक गुणसूत्राला स्वतःच्याच प्रजातीचा जोडीदार मिळतो आणि त्याची प्रजननक्षमताही परत येऊ शकते. प्रयोगशाळांत याच वाटेने वांझपणावर मात केली जाते.

संकर झाल्यावर उत्क्रांती थांबते का?

उलट तेव्हा ती खऱ्या अर्थाने सुरू होते, आणि या संपूर्ण विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. नव्या संकराच्या पेशीत प्रत्येक कामासाठी दोन प्रजातींची जनुके असतात. काही एकमेकांना पूरक ठरतात, काही परस्परांच्या कामात अडथळा आणतात. मग पेशीविभाजनाच्या ओघात एखादे गुणसूत्र गळते, एखाद्याच्या तीन-चार प्रती होतात, कुठे एका पालकाच्या तुकड्यावर दुसऱ्याचा तुकडा चढून दोन्ही प्रती एकसारख्या होतात, कुठे दोन पालकांची गुणसूत्रे तुटून परस्परांना जोडली जातात. यांतले बहुतांश बदल हानिकारक असतात. जे पिंपातल्या परिस्थितीला उपयोगी पडतात, ते पुढच्या आंबवणीत जातात.

माल्टोट्रायोज पेशीत घेणाऱ्या वाहक प्रथिनांची कथा याचा उत्तम नमुना आहे. पॅटागोनियातले युबायानस माल्टोट्रायोज घेऊ शकत नाही. तरीही माल्टोट्रायोज असलेल्या माध्यमात दीर्घकाळ वाढवलेल्या युबायानसमध्ये माल्टोजच्या दोन-तीन वाहक जनुकांचे तुकडे आपापसांत जुळून माल्टोट्रायोज वाहणारे नवे जनुक तयार झाल्याचे २०१९ मध्ये हिटिंगर यांच्या आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवले. कोणत्याच पालकाकडे नसलेला गुण जुन्या तुकड्यांची फेरजुळणी होऊन असा जन्माला येऊ शकतो.

लागरच्या बाबतीत हा ओघ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ गोठवला गेला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध लागर यीस्ट वाढवले, आणि कार्ल्सबर्गने ते इतरांनाही खुलेपणाने दिले. पिंपे नासण्याचे संकट त्यामुळे टळले. पण आधी प्रत्येक गावच्या तळघरात वेगवेगळ्या मिश्रणांची जी विविधता होती, ती काही दशकांत लोप पावली. आज जगभरच्या लागरचे यीस्ट जनुकीयदृष्ट्या इतके एकसुरी असण्याचे मोठे कारण हेच आहे. शुद्धतेची ही किंमत मोजली गेली, याची नोंद बिअरच्या इतिहासात सहसा कौतुकाच्या स्वरातच होते.

गव्हाच्या बिअरला लवंगेचा वास येतो, लागरला का येत नाही?

पॅड१ आणि एफडीसी१ ही दोन जनुके धान्यातल्या फेरुलिक आम्लापासून ४-व्हिनिल ग्वायाकोल तयार करतात, आणि त्याचा वास लवंगेसारखा असतो. जंगली यीस्टमध्ये ही जनुके शाबूत असतात. बहुतेक एल यीस्टमध्ये ती उत्परिवर्तनांनी निकामी झाली आहेत, कारण ब्रूअरांना तो वास दोष वाटे आणि तसे यीस्ट ते फेकून देत. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये हा वास हवाच असल्याने तिथे जनुके टिकली. लागर यीस्टमध्ये एका पालकाकडून आलेली कार्यक्षम जनुके गुणसूत्रांच्या उलथापालथीत नाहीशी झाली. पुण्या-मुंबईतल्या लहान ब्रूअरींत गव्हाची बिअर आणि लागर शेजारी शेजारी मागवल्यास हा फरक नाकाला सहज कळतो.

लागरखेरीज इतर संकर यीस्ट आहेत का?

आहेत. बेल्जियमच्या काही बिअरमध्ये आणि युरोपातल्या थंड प्रदेशांतल्या वाइनमध्ये सेरेव्हिसी आणि सॅकॅरोमायसिस कुद्रियावझेव्ही यांचे संकर आढळतात. सॅकॅरोमायसिस बायानस हे नाव तर एके काळी स्वतंत्र प्रजातीचे मानले जाई. युबायानस आणि सॅकॅरोमायसिस उवारम ही आणखी एक प्रजाती यांच्या संकरांना ते नाव दिले गेले होते, हे आता स्पष्ट झाले आहे. २०१९ मध्ये जीनोमांच्या दोन मोठ्या पाहण्यांतून असे दिसले, की युरोपातल्या थंड किण्वनांत वेगवेगळ्या जोड्यांचे संकर पुन्हा पुन्हा निर्माण झाले आहेत. जवळजवळ सर्वांत एक पालक थंडी सोसणारा असतो. निसर्गात, माणसाच्या पिंपांबाहेर, असे संकर क्वचितच सापडतात.

नवे संकर प्रयोगशाळेत कसे घडवतात? ते जनुकपरिवर्तित मानले जातात का?

सर्वांत सोपी रीत म्हणजे दोन प्रजातींचे विरुद्ध लैंगिक प्रकारचे बीजाणू किंवा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवणे. पालक बीजाणू बनवत नसतील, तर लाखो पेशी एकत्र वाढवून त्यांतल्या अत्यल्प पेशींत अपवादाने होणाऱ्या मीलनाची वाट पाहतात, आणि केवळ संकरच जगू शकेल अशा माध्यमावर तो वेचतात. पेशीभित्तिका काढून दोन पेशी एकजीव करण्याचीही पद्धत आहे. बाहेरून जनुक न घालता केवळ मीलनाने घडवलेल्या संकराला बहुतेक देशांच्या नियमांत जनुकपरिवर्तित मानले जात नाही, हे अन्नोद्योगाच्या दृष्टीने मोठेच आकर्षण आहे.

२०१५ मध्ये फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेत क्रिस्तोफर क्रोगेरुस आणि सहकाऱ्यांनी, तसेच बेल्जियमच्या लूव्हेनमधल्या गटाने, एल यीस्ट आणि युबायानस यांचे नवे लागर संकर घडवले. काही संकरांनी दोन्ही पालकांपेक्षा जलद आंबवणी केली आणि अधिक मद्यांश दिला. हायनेकेनने तर ‘एच ४१’ या नावाची बिअर युबायानसनेच आंबवून बाजारात आणली होती. नावातला ४१ हा आकडा पॅटागोनियाच्या अक्षांशाचा आहे.

इथेनॉल उद्योगात आज संकर यीस्ट वापरले जाते का?

इथे सुरुवातीचा भेद कामी येतो. ब्राझीलमध्ये १९७५ च्या प्रोआल्कूल कार्यक्रमानंतर उसाच्या इथेनॉलचा प्रचंड विस्तार झाला. तिथल्या आसवन्यांत प्रत्येक आंबवणीनंतर यीस्ट सेंट्रिफ्यूजने वेगळे करून, सल्फ्युरिक आम्लाने सुमारे दोन पीएचला एक-दोन तास धुऊन पुन्हा वापरतात. सहा ते अकरा तासांची एक आंबवणी, तापमान ३२ ते ३५ अंश, आणि महिनोन्महिने हेच चक्र. सुरुवातीला घातलेले पावाचे यीस्ट या छळात काही आठवड्यांतच नाहीसे होई आणि त्याच्या जागी कुठून तरी आलेले स्थानिक यीस्ट ठाण मांडे. संशोधकांनी या टिकाऊ घुसखोरांतूनच पीई-२ आणि कॅट-१ हे वाण वेचले आणि ते ब्राझीलमध्ये सर्वत्र रुजले.

पीई-२ पासून मिळवलेल्या पेशींचा जीनोम २००९ मध्ये उलगडला, तेव्हा ते सेरेव्हिसीच असल्याचे, पण त्यातल्या गुणसूत्रांच्या दोन संचांत मोठी तफावत असल्याचे दिसले. म्हणजेच ते प्रजातीअंतर्गत दूरच्या वाणांच्या संकरासारखे आहे. ब्राझीलच्या इंधन यीस्टांत जीवनसत्त्व बी६ आणि बी१ यांच्या निर्मितीशी संबंधित एसएनओ आणि एसएनझेड जनुकांच्या जादा प्रतीही आढळल्या, ज्या साखरेच्या तीव्र द्रावणात उपयोगी पडतात. थोडक्यात, आजचा इंधन उद्योग आंतरप्रजातीय संकरावर उभा नाही, आणि तसे सूचित करणारे लेख वाचताना सावध राहावे.

मग लागर यीस्ट आपल्याकडे मळीच्या आंबवणीत वापरता येणार नाही का?

नाही, आणि कारणे सरळ आहेत. लागर यीस्ट ३७ अंशांना वाढतच नाही. मळीच्या आंबवणीत टाकीतले तापमान ३० ते ३४ अंशांच्या आत ठेवण्यासाठीही थंड पाणी फिरवावे लागते, कारण आंबवणी स्वतःच उष्णता निर्माण करते आणि मार्चनंतर महाराष्ट्रात शीतकरण मनोऱ्याचे पाणीही पुरेसे थंड मिळत नाही. शिवाय मळीत सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, त्यामुळे लागर यीस्टची माल्टोट्रायोज घेण्याची खासियत इथे निरुपयोगी ठरते. मका किंवा तांदळापासून इथेनॉल करतानाही बाहेरून घातलेली विकरे स्टार्चचे ग्लुकोजमध्ये रूपांतर करतात, म्हणून तिथेही तिची गरज उरत नाही.

आपल्याकडच्या आसवनीला हवे असलेले गुण वेगळे आहेत. उष्णता, मळीतले क्षार आणि बाष्पशील आम्ले सोसणे, आणि शक्य तितक्या जास्त मद्यांशापर्यंत काम करत राहणे. शेवटचा मुद्दा केवळ उत्पादनाचा नाही. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १२ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे आसवनानंतर उरणारे सांडपाणी, निघतो आणि त्याचा एक थेंबही बाहेर सोडता येत नाही. आंबवलेल्या द्रावात मद्यांश जितका वाढेल, तितका स्पेंट वॉश कमी होतो आणि तो आटवून जाळण्याचा खर्च वाचतो. शर्करेपासून मिळणाऱ्या अल्कोहोलची रासायनिक मर्यादा मात्र ठरलेली आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून कमाल ९२ ग्रॅम इथेनॉल मिळते, आणि कोणताही संकर ती ओलांडू शकत नाही. चांगल्या आसवन्या या मर्यादेच्या ९० टक्क्यांच्या आसपास आधीच पोहोचलेल्या असल्याने उरलेला वाव तापमान आणि मद्यांश यांतच आहे.

पाचट, बगॅस आणि भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्यात संकरांचा उपयोग होईल का?

आंतरप्रजातीय संकरांची खरी आशा इथेच आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे पिकांच्या अशा काडीकचऱ्यापासून केलेल्या, इथेनॉलला प्रोत्साहन दिले. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यावर चालणारा प्रकल्प सुरू झाला आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. अशा कच्च्या मालात दोन अडचणी असतात. एक म्हणजे त्यातली मोठ्या प्रमाणातली झायलोज ही पाच कार्बनची शर्करा, जी सेरेव्हिसीला मुळात आंबवता येत नाही. त्यासाठी शेफर्सोमायसिस स्टिपिटिस या यीस्टमधली किंवा पिरोमायसिस या बुरशीतली जनुके तिच्यात घालावी लागतात. दुसरी अडचण म्हणजे पेंढा शिजवताना तयार होणारी फरफ्युरल आणि अ‍ॅसेटिक आम्लासारखी विषारी द्रव्ये.

विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड पेरिस, हिटिंगर आणि सहकाऱ्यांनी झायलोज पचवणारे सेरेव्हिसी त्याच्या जंगली भावंडांशी जोडले आणि मक्याच्या ताटांपासून केलेल्या रसात त्या संकरांना उत्क्रांत होऊ दिले. हेतू हा, की जंगली प्रजातींतली विषसहिष्णुता झायलोजच्या जनुकांशेजारी यावी. पुढे २०२० मध्ये याच गटाने टप्प्याटप्प्याने तब्बल सहा प्रजातींचे जीनोम एका पेशीत आणले. पेशी आकाराने फुगल्या, गुणसूत्रांची अस्थिरता वाढली आणि सुरुवातीला वाढ मंद झाली. पण निवडीच्या दबावाखाली त्यांनी गुणसूत्रे टाकत थोड्याच काळात वेग परत मिळवला, आणि तरीही एकाहून अधिक प्रजातींचे गुण राखले. यांतून कारखान्यात वापरण्याजोगा वाण तयार झालेला नाही, पण लागरला पिंपांत शतके लागली त्या फेरबदलांसारखे फेरबदल प्रयोगशाळेत काही महिन्यांत घडवता येतात, हे सिद्ध झाले.

एखाद्या आसवनीला ‘हायब्रीड यीस्ट’ म्हणून विकले जात असेल, तर काय विचारावे?

प्रथम ते प्रजातीअंतर्गत आहे की आंतरप्रजातीय, आणि त्यात बाहेरचे जनुक घातलेले आहे का, हे लेखी घ्यावे. जनुकपरिवर्तित वाणासाठी भारतात वेगळी परवानगी लागते. दुसरे, यीस्टचा पुनर्वापर करणाऱ्या आसवनीने स्थैर्याची माहिती मागावी, कारण नवा संकर गुणसूत्रे गमावत जातो आणि पहिल्या टाकीत दिसलेला गुण विसाव्या टाकीत राहीलच असे नाही. आधी स्थिर करून मग वाळवलेला वाण यादृष्टीने बरा. तिसरे, चाचणी पुरवठादाराच्या शुद्ध ग्लुकोजच्या द्रावणात नव्हे, तर आपल्याच बी-हेवी किंवा सी-हेवी (साखर काढण्याच्या मधल्या किंवा शेवटच्या टप्प्यातल्या) मळीत, आपल्याच पाण्यात आणि शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत घ्यावी. तुलनेसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहातून एखादा ज्ञात सेरेव्हिसी वाण मिळतो. तो शेजारच्या टाकीत चालवून उरलेली शर्करा, मद्यांश आणि बाष्पशील आम्ले यांची नोंद दोन्हीकडे एकाच वेळी ठेवावी.